आपल्या जन्मतारखेचा ताईत आपणच मांडायचा

प्रश्न : ताई, माझी जन्मतारीख २७ ऑक्टोबर १९८४. मूलांक (जन्मदिवसाच्या अंकांची बेरीज) ९ येतो, भाग्यांक (सगळ्या तारखेच्या अंकांची बेरीज) ५. एका ज्योतिषांनी मंगळाचं यंत्र सांगितलं, दुसऱ्यांनी बुधाचं. मला ताईत स्वतःच्या हातानेच करायचा आहे. कोणता अंक धरू?

उत्तर : हिशेब दोघांचाही बरोबर आहे. २ आणि ७ मिळून ९, आणि सगळी तारीख मिळवली की ३२, म्हणजे ५. अंकशास्त्रात ९ मंगळाचा, ५ बुधाचा. ही यंत्रं म्हणजे नऊ घरांत अंक भरलेले चौकोन. मंगळाच्या यंत्रात आडवी, उभी, तिरकी बेरीज २१ येते, बुधाच्या यंत्रात २४. पण ९, १८ किंवा २७ तारखेला जन्मलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हेच मंगळाचं यंत्र येणार. मग त्यात तुमचं असं काय राहिलं? शिवाय ग्रह आणि चौकोन यांच्या जोड्या सगळीकडे सारख्या नाहीत. १५ बेरजेचा नऊ घरांचा चौकोन आपल्याकडे सूर्याचा मानतात. युरोपात अग्रिपा या जर्मन विद्वानाच्या १५३३ साली छापलेल्या गूढविद्येच्या ग्रंथात तोच शनीला दिलेला आहे. म्हणून मी ग्रहाच्या वादात शिरत नाही. ताईत स्वतःचा हवा असेल तर मूलांक बाजूला ठेवा आणि अख्खी तारीख घ्या.

श्रीनिवास रामानुजन यांच्या जन्मतारखेचा, म्हणजे २२ डिसेंबर १८८७ चा एक सोळा घरांचा चौकोन त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. वरच्या ओळीत २२, १२, १८, ८७, आणि बेरीज कुठूनही १३९. त्याची रीत कोणत्याही तारखेला लागू पडते. तारखेला ता, महिन्याला म, शतकाच्या दोन अंकांना श आणि वर्षाच्या दोन अंकांना व म्हणू.

ता, म, श, व
व+१, श−१, म−३, ता+३
म−२, ता+२, व+२, श−२
श+१, व−१, ता+१, म−१

तुमची तारीख घातली की असं होतं :

२७, १०, १९, ८४
८५, १८, ७, ३०
८, २९, ८६, १७
२०, ८३, २८, ९

बेरीज १४०. आडवी, उभी, दोन्ही कर्णांवर. चार कोपरे मिळवा, १४०. मधली चार घरं मिळवा, तेही १४०. चौकोनाचे चार तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचे १४०. आता माझ्या सर्वात आवडीची गोष्ट सांगते. हे सोळा अंक चढत्या क्रमाने लिहून पाहा : ७ ते १०, १७ ते २०, २७ ते ३०, ८३ ते ८६. चार-चार सलग अंकांची चार घराणी! आणि प्रत्येक ओळीत, प्रत्येक स्तंभात, प्रत्येक घराण्यातला एकेकच अंक बसलेला. कुणाचं वाढलं तर त्याच ओळीत दुसऱ्याचं तेवढंच घटतं, म्हणून बेरीज हलत नाही. हे ज्याने स्वतः पडताळलं त्याला आपला चौकोन पाठ करावा लागत नाही.

यंत्र लिहिणारे घरं डावीकडून उजवीकडे भरत जात नाहीत. सर्वात लहान अंक आधी, मग त्याच्याहून मोठा, असं चढत जातात. तुम्ही ७ पासून सुरू करा आणि ८६ वर थांबा. त्यासाठी प्रत्येक वेळी पुढचं घर शोधावं लागतं आणि मन आपोआप तिथेच राहतं. मी आधी चौकड्यांच्या कागदावर पेन्सिलने मांडते, सगळ्या बेरजा करते, आणि मगच चांगल्या कागदावर शाईने उतरवते. भूर्जपत्र असेल तर उत्तम, नसेल तर जाड, शाई न फुटणारा कागद पुरे. तांब्याचा पत्रा टिकतो, पण तो बहुधा दुसऱ्याच्या हातून कोरून घ्यावा लागतो, म्हणून स्वतःच्या ताईतासाठी माझी पसंती कागदालाच.

प्रश्न : माझा जन्म १२ जानेवारी १९९० चा आहे. या रीतीने मांडलं तर उणे अंक येतात. असा ताईत अशुभ का?

उत्तर : अशुभ काही नाही, फक्त जागा बदलायची. जानेवारीचा १ दुसऱ्या घरात ठेवला की त्यातून ३, २ आणि १ वजा होतात, म्हणून तुम्हाला −२, −१ आणि शून्य मिळालं. पहिल्या घरातल्या अंकात मात्र नेहमी मिळवलंच जातं. तेव्हा सर्वात लहान अंक पहिल्या घरात बसवा : १, १२, १९, ९०. पुढच्या ओळी ९१, १८, ९, ४. मग १०, ३, ९२, १७. मग २०, ८९, २, ११. बेरीज १२२. महिना आधी लिहिल्याने तारीख परकी होत नाही. काही तारखांना एखादा अंक दोनदा येतो. काटेकोर माणसं ते चालवून घेत नाहीत आणि वरच्या ओळीचा क्रम बदलून पाहतात. मी स्वतः चालवून घेते, कारण तारीख आपण निवडलेली नसते.

प्रश्न : माझं नाव मीरा. रोमन स्पेलिंगमध्ये दोन ‘ई’ ठेवू की एक ‘आय’? नामांक, म्हणजे नावातल्या अक्षरांचा अंक, ताईतात घालायचा आहे.

उत्तर : मीराताई, हिशेब करून पाहू. रोमन अक्षरांना अंक देणाऱ्या, पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या कोष्टकात दोन ‘ई’चं नाव ६ देतं, ‘आय’चं ५. कीरो या हस्तरेषा पाहणाऱ्या लेखकाच्या कोष्टकात दोन्ही स्पेलिंगना ८ येतो. एकाच नावाचे तीन अंक झाले, आणि हे नाव ज्या लिपीत तुम्ही सही करता तिला कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे कटपयादी पद्धत आहे. गणिताचे आणि ज्योतिषाचे जुने ग्रंथ तिने आकडे शब्दांत गुंफत आले. तिच्यात व्यंजनाला अंक असतो, त्याला जोडलेल्या स्वराला नसतो. म चे ५, र चे २, बेरीज ७. मराठी नावासाठी मी हाच धरते, कारण त्याला स्पेलिंगची लहर लागत नाही. हा ७ चौकोनाच्या आत घुसवू नका, बेरजा मोडतील. मागच्या बाजूला लिहा.

प्रश्न : वडील आजारी आहेत. त्यांच्यासाठी केलेला ताईत उपयोगी पडेल का?

उत्तर : तुम्ही त्यांच्यासाठी बसून सोळा अंक लिहिलेत हे त्यांना कळलं तर त्यांना बरं वाटेल, एवढं मी खात्रीने म्हणते. आजार अंकांनी हटत नाही. सुमारे ९०० साली वृंद नावाच्या वैद्याने ‘सिद्धयोग’ या वैद्यकाच्या ग्रंथात अडलेल्या बाळंतिणीसाठी ३० बेरजेचा चौकोन दिला, पण तोही औषधांनी भरलेल्या ग्रंथात. डॉक्टरांनी दिलेली एकही गोळी चुकवू नका, आणि ताईताच्या जोरावर तपासणी पुढे ढकलू नका. माझ्यासाठी ही अट सगळ्यात मोठी आहे.

प्रश्न : मंगळयंत्राचा कोरलेला पत्रा घेतला आहे. ओळी वरून खाली अशा : ८, ३, १०; ९, ७, ५; ४, ११, ९. बेरीज सगळीकडे २१ येत नाही. कुठे चुकलं?

उत्तर : खालची ओळ २४, उजवीकडचा स्तंभ २४, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून उतरणारा कर्णही २४. तिन्ही जिथे भेटतात ते खालचं उजवं घर ३ ने जास्त आहे. तिथे ६ हवा. कोरणाऱ्याने ६ च्या जागी ९ काढला. पत्रा परत करा, नाहीतर त्याच मापाच्या कागदावर तुमच्या हाताने नवा लिहा : ३ पासून सुरुवात, ११ वर शेवट.