मास्टर डार्क बनवताना सुरुवातीला एवढं सांभाळ

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला लागून पहिल्याच महिन्यात डार्कपर्यंत (टोपी लावून घेतलेल्या काळ्या फ्रेम; त्या एकत्र करून बनतो तो मास्टर डार्क, जो फोटोतून वजा करतात) आलास, छान! आता एवढंच बघ:

- एक्स्पोजर, आयएसओ आणि तापमान लाइट फ्रेमइतकंच (म्हणजे आकाशाच्या प्रत्यक्ष फोटोंइतकंच) हवं. तुझ्या डीएसएलआरला कूलिंग नाही, म्हणून डार्क त्याच रात्री, उघड्यावरच घे. घरात येऊन घेतलेले जुळत नाहीत. सगळे इथेच चुकतात.
- लेन्सला टोपी, व्ह्यूफाइंडरवर काळं कापड. फाइल रॉ, जेपेग नको.
- किमान 20 फ्रेम. चार-पाचच घेतल्या तर डार्कमधला नॉइज उलट फोटोत उतरतो.

सिरिलमध्ये (फोटो प्रक्रियेचं सॉफ्टवेअर) डार्क स्टॅक करताना, म्हणजे एकत्र करताना, ‘नो नॉर्मलायझेशन’ आणि सिग्मा क्लिपिंग (फार वेगळ्या किमती वगळण्याची पद्धत) निवड. मास्टर डार्क शंभर टक्के झूम करून बघ: काळ्यावर विखुरलेले पांढरे ठिपके म्हणजे हॉट पिक्सेल (प्रकाश नसतानाही उजळ दिसणारे), तेच वजा होणार आहेत. बायस, फ्लॅट या सुधारणेच्या बाकीच्या फ्रेम नंतर बघू.