स्टोरीटेलिंग शो म्हणजे जुनंच कथाकथन, फक्त नाव नवीन?

नाही हो, थोडा फरक आहे. दास्तानगोई म्हणजे उर्दूत लांबलचक कथा रंगवून सांगायची जुनी कला; दिल्लीचे शेवटचे नामी दास्तानगो (ती सांगणारे) मीर बाकर अली १९२८ ला गेले आणि ती कला जवळपास बंदच पडली, मग २००५ ला उर्दू समीक्षक शम्सुर रहमान फारुकी आणि महमूद फारुकींनी ती परत स्टेजवर आणली, पांढरे कपडे घालून गादीवर बसलेले दोन कलाकार, ना सेट ना काही, सगळी मदार आवाजावर. आपल्याकडे कथाकथनात द. मा. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकरांनी गर्दी खेचलीच होती की, पण ते स्वतः लिहिलेल्या कथा सांगायचे. खान्देशात तर वहीगायन आहेच, डफावर कथा! जळगाव-धुळ्यात शो करणार असाल तर अहिराणीत करा राव, 'काय सांगू तुले भाऊ'ची मजा पुस्तकी मराठीत नाही येत.