किक उलटी मारणारी जुनी बुलेट

प्रश्न : माझ्याकडे पॉइंटवर (ठिणगी पाडण्यासाठी उघडमीट करणाऱ्या स्विचवर) चालणारी जुनी बुलेट 350 आहे. पॉइंट झिजल्यामुळे गावातल्या गॅरेजमध्ये नवे बसवून घेतले. तेव्हापासून सकाळी थंड इंजिनावरही किक उलटी मारते आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना इंजिनातून खडखड ऐकू येते. मिस्त्री म्हणतात, हा आजच्या पेट्रोलचा आणि उन्हाचा दोष आहे. काय करावे?
— एक शेतकरी वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : पेट्रोलला दोष देण्याचे कारण दिसत नाही, कारण या इंजिनाचे कॉम्प्रेशन (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला मिळणारा दाब) मुळातच कमी आहे. वैशाखातल्या उन्हाने घाटातली खडखड वाढते हे खरे. पण थंड इंजिनावर उलटी येणारी किक उन्हाच्या माथी मारता येणार नाही. ठिणगी वेळेआधी पडत आहे.

पॉइंट उघडताच ठिणगी पडते. त्यांची फट वाढली की ते लवकर उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे जाते. पॉइंटची फिरत्या कॅमवर घासणारी टाच झिजून फट कमी झाली की ते मागे पडते. जुन्या, झिजलेल्या पॉइंटवर कोणी डिस्ट्रिब्युटर (पॉइंट ज्यात बसवलेले असतात ते घर) फिरवून टायमिंग जुळवले असेल, तर नव्या पॉइंटची फट अचूक असूनही ठिणगी लवकरच पडणार. आपल्याकडे बहुधा हेच झाले असावे. म्हणून आधी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर करून घ्यावी आणि त्यानंतरच टायमिंगला हात लावावा.

प्लग काढून, गाडी मधल्या स्टँडवर टॉप गिअरमध्ये ठेवून मागचे चाक हाताने पुढे फिरवावे. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी सैल फिरत असताना पिस्टन वर आला, तर तो कॉम्प्रेशनचा टप्पा समजावा. तेथून थोडे मागे जाऊन पुन्हा पुढे येत, पिस्टन माथ्यापासून, म्हणजे आपल्या सर्वांत वरच्या जागेपासून, 0.8 मिलिमीटर खाली असताना चाक थांबवावे. प्लगचे भोक तिरपे असल्याने मापाची सळई दर वेळी एकाच कोनात धरावी, नाहीतर माप फसते. आता दिवे बंद ठेवून किल्ली फिरवावी. पॉइंट मिटलेले असताना अँमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा उणेकडे झुकतो आणि ते उघडताच मध्यावर येतो. डिस्ट्रिब्युटरचे स्क्रू ढिले करून, काटा नेमका याच जागी परतेल इतपत तो फिरवावा. बॅटरी मात्र भरलेली हवी. कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. पण या इंजिनावर काट्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

एवढे करूनही किक उलटी आली, तर डिस्ट्रिब्युटरमधला कॅम बोटाने फिरवून सोडावा. तो स्प्रिंगच्या जोराने चटकन परत आला नाही, तर ऑटो अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) वजने धुळीने किंवा वाळलेल्या ग्रीसने पुढेच अडकली आहेत असे समजून ती रॉकेलने स्वच्छ करावीत. तोपर्यंत घाटात जड ओझे नेऊ नये. अशा खडखडीमुळे पिस्टनला भोक पडू शकते.