साल काढली तर झाड मरतं का?

प्रिय सानू,

तुझा निरोप ऐकला. आजी गोड्या मसाल्यासाठी दालचिनी भाजत होती, आजोबा अर्जुनाची साल उकळलेलं दूध पीत होते, आणि ते बघून तू विचारलंस, "आई, आपण मराठी माणसं झाडाची साल खातो? आणि साल सोलली की ते झाड मरत नाही का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, खातो, आणि रोज खातो: आमटीत, भरल्या वांग्यात, मसालेभातात. दुसरा प्रश्न मला फार आवडला. त्याचं उत्तर घाईघाईत फोनवर द्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र.

झाड मरतंही आणि जगतंही. साल कशी काढली, त्यावर सगळं आहे.

सालीचा बाहेरचा खरखरीत थर मेलेला असतो. त्याच्या आत ओलसर, जिवंत थर असतो. पानांनी तयार केलेलं अन्न त्यातूनच खाली मुळांपर्यंत जातं. खोडाभोवती गोल फिरून पूर्ण पट्टा सोलला तर मुळं उपाशी राहतात आणि भलंमोठं झाडसुद्धा हळूहळू वाळतं. एकाच बाजूची पट्टी काढली तर उरलेल्या बाजूंनी अन्न जात राहतं आणि जखम कडांकडून भरत येते. अर्जुनाची साल तर छान भरून येते. म्हणून जाणते लोक एका वेळी एकाच बाजूची थोडी साल काढतात आणि झाडाला सावरायला वेळ देतात.

वटपौर्णिमेला वडाला गुंडाळतात त्या सुताने झाडाला काही होत नाही. ते कुजतं, तुटून पडतं. पण सणासुदीला पुण्यातल्या रस्त्यांवरच्या झाडांना दिव्यांच्या माळा तारेने आवळतात आणि मग कुणी काढतच नाही, त्याचं मला खरोखर वाईट वाटतं. खोड जाड होत जातं, तार सालीत रुतते, आणि पट्टा सोलल्यासारखीच झाडाची गत होते. तुमच्या गल्लीत अशी तार दिसली तर सोसायटीतल्या काकांना नक्की दाखव.

आता आजीकडून दालचिनीचा एक तुकडा मागून घे आणि उजेडात बघ. कागदासारख्या पातळ सालीच्या गुंडाळ्या एकात एक बसवलेल्या असतील तर ती श्रीलंकेकडची खरी दालचिनी. जाड, कडक, एकाच सालीची नळी असेल तर ती तिच्या नात्यातल्या दुसऱ्या झाडाची. बाजारात बहुतेक वेळा तीच मिळते आणि मसाल्यात तीही चालते. खऱ्या दालचिनीचं झाड उंच वाढूच देत नाहीत. ते जमिनीलगत छाटतात, मग बुंध्यातून नवे फुटवे येतात. पावसाने सालीखाली रस भरला की साल सहज सुटते, तेव्हा हे फुटवे कापतात. वरचा खरखरीत थर खरवडून टाकतात, पितळी दांड्याने घासून आतली साल सैल करतात, सुरीने दोन उभ्या चिरा देतात आणि साल अलगद सोडवतात. वाळताना ती आपोआप वळते. तो फुटवा गेला तरी झाड जातं कुठे? बुंधा पुन्हा फुटतो. आपल्या कोकणातही ही लागवड होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाचं वाणही काढलं आहे.

मसाल्यातल्या काळपट, कागदाच्या चुऱ्यासारख्या दगडफुलालाही तू साल म्हणशील, पण ती साल नाही. खडकांवर आणि झाडांच्या सालीवर बुरशी आणि शैवाल मिळून वाढतात, ते हे दगडफूल.

इथे पोर्तुगालमध्ये मी जे पाहते ते तुला दाखवायला हवं. बाटल्यांची बुचं ज्या ओक झाडाच्या सालीची करतात, त्याची रानं इथे आलेंतेजू भागात पसरली आहेत. उन्हाळ्यात माणसं कुऱ्हाडीने बाहेरची जाड साल मोठ्या तुकड्यांत सोडवतात, आतल्या जिवंत थराला धक्का न लावता. सोललेलं खोड लालसर तपकिरी दिसतं आणि त्यावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहितात. ४ असेल तर साल २०२४ मध्ये काढली. पुन्हा हात लावायचा तो ९ वर्षांनीच. पहिली साल झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर निघते, आणि चांगली बुचं तिसऱ्या खेपेच्या सालीपासून होतात. म्हणजे लावणारा बहुतेक वेळा नातवंडांसाठीच लावतो.

आजोबांच्या सालीत औषध कुठून आलं, हेही सांगते. साल म्हणजे झाडाचं चिलखत. किडे, बुरशी, गुरं यांना दूर ठेवायला झाड सालीत तुरट, कडू, तिखट द्रव्यं साठवतं. त्यांतली काही माणसाच्या कामी आली. कडूजहर कुड्याची साल वैद्य आमांशावर देतात. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी क्विनीन वेगळं काढलं आणि हिवतापावर नेमकं औषध हाती आलं. बाभळीच्या सालीतल्या तुरटपणाने कातडं कमावलं जातं. कोल्हापुरी चपलांचं कातडं पूर्वापार बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावत आले आहेत. आजोबांची अर्जुनसाल हृदयासाठी: भरड साल दुधात पाणी घालून पाणी आटेपर्यंत उकळायची. पण डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी चालूच ठेवायच्या, हे तू त्यांना माझ्याकडून सांग. आणि टेकडीवर दिसेल त्या झाडाची साल तू मात्र चाखायची नाहीस. कण्हेरीसारखी विषारी झाडं पुण्यात दारोदारी आहेत.

लॉ कॉलेज रस्त्याजवळ भांडारकर संस्था आहे ना, तिथे सालीवर लिहिलेला ऋग्वेद आहे! हिमालयातल्या भूर्ज झाडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते, त्यावर शारदा लिपीत लिहिलेला. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली, त्यांतलं हे एक. बाबांना म्हणावं, एकदा घेऊन चला.

एका झाडाची मात्र मला काळजी वाटते, सीतेच्या अशोकाची. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी त्याच्या सालीला इतकी मागणी आहे की रानातली झाडं कमी होत गेली. आज ते धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत आहे. साल पुरत नाही म्हणून आसुपालवाची साल त्यात मिसळतात. आपल्या कंपाउंडलगत सरळसोट उभे आहेत आणि ज्यांना सगळे अशोक म्हणतात, ते हे आसुपालव. त्याचं पान एकेकटं, लांब, कडेला लाटांसारखं. खऱ्या अशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात आणि फुलांचे केशरी-लाल गुच्छ फांद्यांना चिकटून येतात. एम्प्रेस गार्डनला गेलात की शोध, आणि सापडला तर फोटो पाठव.

आणि आजोबांना म्हणावं, अर्जुनसाल आणताना दुकानातून पूड घेऊ नका, सालीचे तुकडे घ्या आणि घरीच कुटा. पुडीत काय काय मिसळलंय ते नुसतं बघून ओळखता येत नाही.

तुझी,
आई