'रिलिजन'ला दरवेळी 'धर्म'च लिहायचं का?

प्रश्न असा आहे की एका इंग्रजी विज्ञान-रहस्य कादंबरीचा मराठीत परिचय लिहायचाय, वेधशाळेत एक पाद्री मेलेला सापडतो, तो स्वतः खगोलशास्त्रज्ञ असतो, आणि सगळं कथानक सायन्स आणि रिलिजनच्या भांडणावर उभं आहे. तर 'विज्ञान विरुद्ध धर्म' लिहिलं तर चालेल का, कारण वाचताना खटकतंय.

खटकतंय ते बरोबरच आहे. आपला 'धर्म' फार पसरलेला शब्द आहे हो. जनगणनेच्या फॉर्मवरचा धर्म तो रिलिजन, मान्य, पण शेजारधर्म, दानधर्म, राजधर्म यात कुठलाच पंथ नाही, आणि शाळेत विज्ञानाच्याच पुस्तकात आपण धातूंचे 'गुणधर्म' पाठ केलेत! जाळणं हा अग्नीचा धर्म असं आपण सहज म्हणतो, मग त्याच धर्माला विज्ञानाच्या विरुद्ध उभं केलं की मराठी कानाला कसंतरी होणारच.

'विज्ञान'ची गंमत तर याहून मोठी आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात 'अर्जुना तया नांव ज्ञान । येर प्रपंचु हें विज्ञान' असं आलंय, म्हणजे जिथे जाणीव आणि तर्कही पोचत नाहीत ते ज्ञान आणि बाकीचा सगळा प्रपंच ते विज्ञान. आज आपण विज्ञान म्हणतो ते सायन्ससाठी, पण शब्द आलाय अध्यात्माच्याच घरातून, मला हे प्रत्येक वेळी वाचताना फार छान वाटतं.

आता तुमच्या कादंबरीत भांडण नेमकं कोणाशी आहे ते बघा. गॅलिलिओवर 1633 मध्ये रोममध्ये खटला चालला, मग 1642 मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत होता, पण तो स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता, त्याची मुलगी नन होती. त्याला शिक्षा केली ती चर्चच्या न्यायालयाने, म्हणून तिथे 'धर्मसत्ता' किंवा सरळ 'चर्च' लिहावं, माणसाच्या मनातलं असेल तर 'श्रद्धा'. तुमचा पाद्री खगोलशास्त्रज्ञ आहे म्हणून आणखी एक उदाहरण. बेल्जियमचे जॉर्ज लेमैत्र कॅथलिक पाद्री होते, विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी 1927 च्या निबंधात मांडलं आणि पुढे जो महास्फोटाचा सिद्धांत झाला त्याची मूळ कल्पनाही त्यांचीच, पण 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी त्याचा संबंध बायबलमधल्या सृष्टीच्या निर्मितीशी जोडला तर ते खुद्द लेमैत्रनाच पटलं नाही. आता 'विज्ञान विरुद्ध धर्म' म्हटलं तर लेमैत्र कुठल्या बाजूला बसवायचे? तुमच्या मेलेल्या पाद्र्याचंही तेच होणार, आणि रहस्य बहुतेक त्यातच असणार, म्हणून मथळ्यातच दोन टीम पाडून टाकू नका. मी असतो तर परिचयात 'विज्ञान, श्रद्धा आणि धर्मसत्ता' असे तीन शब्द वेगळे ठेवले असते.

आणि हो, पुस्तकाला 'वैज्ञानिक कादंबरी' म्हणू नका, त्याने कादंबरीच शास्त्रीय पद्धतीने लिहिल्यासारखं वाटतं. विज्ञानकथा हा शब्द मराठीत चांगला रुळलाय, त्याच चालीवर 'विज्ञान-रहस्यकादंबरी' म्हणा, लांब आहे पण कळतं.