तासगावचा राउटर पुण्यातून उघडायचाय

प्रश्न: तासगावला बेदाण्याच्या शेडवर फायबर आहे. कंपनीच्या मोडेममागे माझा स्वतःचा राउटर आणि त्यावर कॅमेरे. राउटर पुण्यातून हाताळता यावा म्हणून मोडेमवर ८०८० पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे त्या क्रमांकावर बाहेरून येणारं राउटरकडे वळवायचा नियम घातला. शेडवर बसून पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा बाहेरचा पत्ता, टाकला, पण पान उघडत नाही. नियम चुकला का?
– एक बागायतदार, पुणे

उत्तर: नियमाला हात लावू नका, आधी तपासायची पद्धत बदला. आतल्या वायफायवरून आपलाच बाहेरचा पत्ता मारला, तर पुष्कळ मोडेम ते पॅकेट (माहितीचा तुकडा) वळवून परत आत आणत नाहीत. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून बघा.

तरी लागलं नाही, तर मोडेमच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (मोडेमला कंपनीकडून मिळालेला पत्ता) वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर कंपनीने एकाच पब्लिक पत्त्यावर बरीच गिऱ्हाइकं बसवलीत. हे सीजी-नॅट. बाहेरचं पॅकेट तुमच्या मोडेमपर्यंत पोचतच नाही, मग तुमचा नियम कितीही बरोबर असो. कंपनीला फोनवर ‘सीजी-नॅट’ म्हणालात तर बहुधा पलीकडे शांतता पसरेल. ‘स्टॅटिक आयपी (न बदलणारा, स्वतःचा पत्ता) हवा’ एवढंच बोला, जादा पैसे पडतील.

आणि लागलं, तर मात्र तो ८०८० आजच बंद करा. राउटरचं लॉगिन पान उघड्यावर ठेवणं मला पटत नाही, पासवर्ड कितीही लांब असला तरी. २०१८ मध्ये मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये, विनबॉक्स या ते हाताळायच्या सोयीतली एक त्रुटी उघडकीला आली; तिच्यातून लॉगिन न करताच पासवर्डची फाइल वाचता येत होती.

त्यापेक्षा राउटरवर वायरगार्ड चालवा; हा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचा कुलूपबंद बोगदा. चावी जुळली नाही तर ते उत्तरच देत नाही, त्यामुळे उघडी पोर्ट हुडकणाऱ्यांना तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. मोडेमवर एकच नियम: पोर्ट ५१८२०, प्रकार यूडीपी, राउटरच्या पत्त्याकडे. तो पत्ता मोडेमच्या डीएचसीपीत (आतल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) राउटरच्या मॅकशी, म्हणजे यंत्राच्या ओळख-क्रमांकाशी, बांधून टाका, नाहीतर वीज जाऊन आल्यावर राउटरला दुसराच पत्ता मिळायचा. राउटरच्या फायरवॉलमध्येही ५१८२० ला इनपुटची (आत येण्याची) परवानगी लागेल. मोडेमचं नॅट (पत्ते बदलून देणारा भाग) पॅकेट फक्त वळवून देतं, ते आत घ्यायचं की नाही हे फायरवॉल ठरवते.

पुण्याच्या घरी आणि शेडच्या राउटरमागे १९२.१६८.० हीच पत्त्यांची मालिका असेल, तर वायरगार्ड जोडलं जाऊनही कॅमेरे दिसणार नाहीत. शेडची १९२.१६८.४७ करा. हे सगळं शेडवर असतानाच उरका. पुण्यातून फायरवॉलची एक ओळ चुकली, तर तासगावची फेरी ठरलेली.