साथीच्या काळात कैद्यांची सुटका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : करोनाच्या काळात कैद्यांना सरसकट सोडले, असे ऐकतो. ते खरे आहे का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : सरसकट कोणालाच सोडले नाही. 23 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची मर्यादा उदाहरणादाखल सुचवली; सोडलेच पाहिजे अशी सक्ती नाही, हेही पुढच्याच महिन्यात स्पष्ट केले. महाराष्ट्रात न्यायबंदींना, म्हणजे कच्च्या कैद्यांना, तात्पुरता जामीन मिळाला. शिक्षाबंदींसाठी, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्यांसाठी, 8 मे 2020 रोजी कैद्यांच्या रजेच्या 1959 च्या नियमांत दुरुस्ती होऊन 45 दिवसांची आकस्मिक पॅरोल रजा, म्हणजे ठरावीक मुदतीची तात्पुरती सुटका, आली, जी पुढे 30-30 दिवसांनी वाढत गेली. शिक्षा सात वर्षांहून अधिक असल्यास मागच्या दोन्ही रजांवरून कैदी वेळेत परतलेला असावा लागे.

प्रश्न : माझे चुलते 71 वर्षांचे असून त्यांना मधुमेह आणि दमा आहे. ते अमली पदार्थांच्या खटल्यात आत राहिले आणि त्यांच्याच बराकीतली धडधाकट पोरे सुटली. हा कुठला न्याय? (सिन्नर)

उत्तर : आपला राग रास्त आहे. समितीचा मुख्य निकष कलमाचा होता, प्रकृतीचा नव्हता. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा), यूएपीए (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा), अमली पदार्थविरोधी कायदा अशा विशेष कायद्यांखालील बंदी त्यातून वगळले गेले. गर्दी कमी करायला हा निकष सोयीचा होता, पण विषाणू कलम पाहून लागण करत नाही. यूएपीएखाली अटकेत असलेल्या आणि पार्किन्सन्समुळे हातात पेला धरता न येणाऱ्या फादर स्टॅन स्वामी या सामाजिक कार्यकर्त्यांना स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. 84 व्या वर्षी, 5 जुलै 2021 रोजी, जामीन न मिळताच त्यांचे निधन झाले. त्याच कायद्याखाली अटकेत असलेले कवी वरवरा राव यांना मात्र मुंबई उच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2021 रोजी प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला होता. चुलते अजून आत असतील तर तोच मार्ग धरावा. अशा अर्जांना अनेकदा नुसती औषधाची चिठ्ठी जोडलेली मी पाहतो. तिचा उपयोग होत नाही. कारागृहातील उपचारांच्या नोंदी मागवाव्यात आणि कोणता उपचार आत होऊ शकत नाही, हे तज्ज्ञ डॉक्टरांकडून नेमके लिहून घ्यावे. कोठडीतील व्यक्तीला वकील मोफत मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

प्रश्न : आमच्या घरी चोरी झाली होती. चोर सोडताना आम्हाला कोणी विचारले का? (इंदिरानगर)

उत्तर : नाही, आणि निदान कळवायला तरी हवे होते. मात्र तात्पुरत्या जामिनाने खटला संपत नाही. शिवाय मे 2020 मध्ये मुंबईच्या ऑर्थर रोड कारागृहात सत्तरहून अधिक कैद्यांना लागण झाली तेव्हा कर्मचारीही त्यातून सुटले नव्हते. पहारा संपवून शिपाई कारागृहाजवळच्या जेलरोडच्या बाजारातून भाजी घेऊन घरी जातो आणि आतली लागण त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकते, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न : भाऊ आकस्मिक रजेवर होता. ते दिवस शिक्षेत धरले जातील का? (मालेगाव)

उत्तर : संचित रजेचे, म्हणजे फर्लोचे, दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे नाहीत. साथीतील आकस्मिक पॅरोलही शिक्षेत मोजता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील एका प्रकरणात मार्च 2023 मध्ये दिला. साथीत सुटलेल्या सर्वांना 15 दिवसांत कारागृहात हजर होण्याचा आदेशही त्याच महिन्यात झाला. भाऊ उशिरा परतला असल्यास तेव्हाच्या भादंविच्या कलम 224 खाली (कायदेशीर कोठडीतून पळणे) स्वतंत्र गुन्हा नोंदला गेला आहे का, हे आधी पोलीस ठाण्यात पाहावे आणि मगच अधीक्षकांकडे सुटकेच्या तारखेची लेखी गणना मागावी.